पातळ सोलचे बूट घाला, पण पोटरीला विचारून

मे 2014 मध्ये ‘व्हिब्रम’ या कंपनीने अमेरिकेतल्या ग्राहकांनी केलेला एक दावा 37 लाख 50 हजार डॉलर देऊन मिटवला. पायाच्या पाचही बोटांना वेगवेगळे कप्पे असलेले, हातमोज्यांसारखे दिसणारे ‘फाइव्ह फिंगर्स’ हे या कंपनीचे बूट तोवर देशोदेशींच्या धावणाऱ्यांच्या पायांत गेले होते. हे बूट घातले की पायाचे स्नायू बळकट होतात आणि दुखापती कमी होतात, असं जाहिराती सांगत होत्या. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, हा दावेकऱ्यांचा आक्षेप होता. कंपनीने चूक मान्य केली नाही. मात्र विश्वासार्ह पुरावा हाती असल्याशिवाय असं काही छापणार नाही, हे कबूल केलं. एका जोडामागे 94 डॉलरपर्यंत भरपाई मिळेल, असं तडजोडीत होतं. मागणारे इतके निघाले की प्रत्यक्षात जोडामागे साडेआठ डॉलरच्या आसपासच हाती पडले.

या तडजोडीवरून बऱ्याच जणांनी हे बूट म्हणजे शुद्ध फसवणूक असं ठरवलं आणि जोड माळ्यावर टाकून दिले. ज्यांची गुडघेदुखी याच बुटांनी थांबली होती, ते मात्र आजही त्यांच्या नावाने शपथ घेतात. दोघेही आपापल्या पायापुरतं खरंच बोलत असतात. एकाच बुटाने एकाचा गुडघा बरा होतो आणि दुसऱ्याच्या पायाचं हाड तडकतं, हे कसं, याचं उत्तर बुटापेक्षा पायाच्या रचनेत आणि पायाला दिलेल्या वेळेत सापडतं.

वेड कुठून आलं

2004 साली डेनिस ब्रॅम्बल आणि हार्वर्डचे डॅनियल लिबरमन यांनी ‘नेचर’मध्ये एक लेख लिहिला. लांब अंतर धावण्याची क्षमता माणसाच्या उत्क्रांतीत महत्त्वाची ठरली असावी आणि तिच्या खुणा आपल्या हाडांत, स्नायूबंधांत दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याचा पुढचा प्रश्न ओघानेच आला: माणूस लाखो वर्षं धावत असेल आणि गुबगुबीत सोलचे रनिंग शूज जेमतेम पन्नासेक वर्षांचे असतील, तर त्याआधीचा माणूस पाय न मोडता कसा धावत होता?

हा प्रश्न सामान्य वाचकापर्यंत नेला तो ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकन पत्रकाराने. धावताना त्याचा पाय वारंवार दुखायचा. त्याचं कारण शोधता शोधता तो मेक्सिकोच्या कॉपर कॅनियनमध्ये राहणाऱ्या रारामुरी लोकांपर्यंत पोहोचला. बाहेरचं जग त्यांना ताराहुमारा म्हणतं. त्यांच्यातल्या 55 वर्षांच्या व्हिक्टोरियानो चुर्रो यांनी 1993 मध्ये कोलोरॅडोतली लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत जिंकली होती. 2009 मध्ये मॅकडूगलचं ‘बॉर्न टू रन’ आलं आणि बूट काढून धावणाऱ्यांची लाटच आली. जानेवारी 2010 मध्ये लिबरमन यांचा दुसरा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. लहानपणापासून अनवाणी धावलेले लोक बहुधा चवड्यावर किंवा तळव्याच्या मधल्या भागावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला तडाखा त्यांना जवळपास बसत नाही, असं त्यात दिसलं. या संशोधनाच्या खर्चाचा काही भाग व्हिब्रमने उचलला होता आणि ते लेखात नोंदवलेलंही होतं. अनवाणी धावल्याने दुखापती कमी होतात, असं मात्र त्या लेखात कुठेही सिद्ध केलेलं नव्हतं. वाचणाऱ्यांनी ते आपल्या मनाने जोडलं.

रारामुरींबद्दलही दोन गोष्टी घाईत निसटल्या. ते अनवाणी धावत नाहीत. टायरच्या रबराचा सोल असलेल्या, पट्ट्यांनी बांधलेल्या ‘हुआराचे’ नावाच्या चपला घालतात. आणि डोंगरवाटा त्यांच्या पायाखाली लहानपणापासून असतात. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी पाच किलोमीटर पळणाऱ्या माणसाने त्यांच्या चपलेची नक्कल केली, तरी त्यांचं बालपण विकत मिळत नाही.

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की अबेबे बिकिलाचं नाव येतंच. 10 सप्टेंबर 1960 रोजी हा इथिओपियन सैनिक रोमच्या रस्त्यांवर अनवाणी धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत, तेही शर्यतीच्या थोडेच आठवडे आधी अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन. टोकियोत त्याच्या पायांत बूट होते. बिकिलाचं उदाहरण देणारे बहुतेक जण रोमवरच थांबतात, टोकियोपर्यंत येत नाहीत.

आपल्याकडे शिवनाथ सिंग अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉनमध्ये अकरावे आले. 1978 मध्ये जालंधरला त्यांनी नोंदवलेली 2 तास 12 मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांची सुरुवातही अनवाणीच झाली. पुढे 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीत, 2016 साली, अहमदाबाद ते मुंबई हे 527 किलोमीटरचं अंतर अनवाणी कापलं. ही सगळी नावं खरी आहेत आणि प्रेरणा देणारी आहेत. पण यांतल्या कुणाचाही पाय दुकानातून जोड आणून पुढच्या रविवारी तयार झालेला नव्हता.

भार जातो कुठे

‘मिनिमलिस्ट’ कशाला म्हणायचं यावर बराच काळ घोळ होता. 2015 मध्ये 11 देशांतल्या 42 तज्ज्ञांनी मिळून पाच कसोट्या ठरवल्या: बुटाचं वजन, लवचिकपणा, सोलची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, आणि पाऊल आत-बाहेर कलू नये म्हणून घातलेली आधाराची सोय. उंचीतल्या फरकाला धावणारे ‘ड्रॉप’ म्हणतात. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये तो 10 ते 12 मिलिमीटर असतो, पातळ बुटात शून्य किंवा त्याच्या जवळपास.

हे दहा मिलिमीटर दिसायला क्षुल्लक आहेत. टाच तेवढी खाली आली की प्रत्येक पावलाला पोटरी आणि अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड शीर, जास्त ताणली जाते. वर्षानुवर्षं उंच टाचेच्या बुटांत वावरलेली पोटरी त्यासाठी तयार नसते.

दुसरा बदल पाऊल टाकण्याच्या पद्धतीत होतो. मऊ बुटात पाय लांब पुढे टाकून टाचेवर आदळता येतं, कारण फोम तो दणका झेलतो. अनवाणी असं केलं तर टाचेला शरीराच्या वजनाच्या दीड ते तिप्पट जोराचा तडाखा क्षणात बसतो. एकदोनदा बसला की शरीर आपोआप पावलं आखूड करतं आणि बरेच जण चवड्यावर उतरू लागतात. गुडघ्यावरचा भार इथे हलका होतो, आणि गुडघेदुखीवाल्यांना पातळ बूट मानवतात ते याचमुळे.

पण भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. गुडघ्यावरून उतरलेलं ओझं घोटा, पोटरी आणि अकिलीस उचलतात. तळव्यातल्या बोटांमागच्या लांब हाडांवर, विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्या हाडावर, जोर वाढतो. ही हाडं मोडण्याचा प्रकार नवा नाही. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्येच लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचं वर्णन केलं होतं. पुढे त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ असं नाव पडलं.

घाई इथे का नडते, हे हाडाच्या कामाच्या पद्धतीत आहे. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथला जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवं हाड भरतं. पोखरण्याचं काम आठवड्यांत होतं, भरण्याला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. स्नायू तोवर बऱ्यापैकी सरावलेले असतात, दम चांगला असतो, म्हणून धावणाऱ्याला वाटतं की आपण नव्या बुटाला रुळलो. तो अंतर वाढवतो, आणि नेमकं तेव्हा हाड सर्वांत दुबळं असतं.

एका पायाची हकिकत

प्रस्तुत लेखकाच्या पायाने हा सगळा क्रम पुस्तकाबरहुकूम पार पाडला. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायचं, उतारावर जास्त. पातळ बूट आले, पावलं आखूड झाली आणि गुडघा खरोखर गप्प बसला. पोटऱ्या मात्र दगड झाल्या. सकाळी जिना उतरायचा तर कठडा धरून, तोंड भिंतीकडे करून, उलटा. रनिंग ग्रुपमध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता: हे दुखणं चांगलं, स्नायू जागे होताहेत, चालू ठेव.

स्नायूंचं दुखणं ओसरलंही. मग पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा दुखायला लागली. धावताना सुरुवातीला नाही, शेवटी. मग सुरुवातीपासून. मग साधं चालतानाही. एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नाही आणि त्याने सगळ्यांना हायसं वाटलं. पुढे एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज दिसली, तडा जाण्याच्या उंबरठ्यावरची. धावणं बंद, कडक सोलचा आधार, भरपूर संयम आणि घरच्यांचे टोमणे असा उपचार झाला.

या हकिकतीत इतरांच्या कामाचं आहे ते एवढंच. पोटरीचं दुखणं आणि हाडाचं दुखणं वेगळं असतं. पोटरीचं पसरट असतं, दोन्ही पायांत असतं, हालचाल केली की सैल होतं. हाडाचं एका बिंदूवर असतं, बहुधा एकाच पायात, आणि धावाल तसं वाढत जातं. त्या पायावर उडी मारली तर कळ येते. आणि अशा दुखण्यात पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला एक्स-रे स्वच्छ निघाला म्हणून निर्धास्त होऊ नये. सुरुवातीचा तडा त्यात बहुधा दिसतच नाही.

अभ्यासांतून काय दिसलं

हा अनुभव एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या सारा रिज आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 36 अनुभवी हौशी धावणाऱ्यांचा दहा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच बोटांच्या बुटांकडे हळूहळू वळलेल्या 19 जणांपैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर वाढलेली सूज आढळली. दोघांना स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. हे लोक कंपनीने सांगितलेल्या वेगानेच अंतर वाढवत होते, ही त्यातली दखल घेण्याजोगी बाब.

2014 मध्ये आणखी एका अभ्यासात 103 धावणाऱ्यांना तीन प्रकारचे बूट देऊन बारा आठवडे तयारी करायला लावलं: नेहमीचे, अर्धवट पातळ आणि पूर्ण पातळ. सर्वाधिक दुखापती अर्धवट पातळ बुटांत झाल्या. पूर्ण पातळ बुटांत नडगी आणि पोटरीची दुखणी जास्त होती. थोडं कुशनिंग ठेवून मधला मार्ग काढला की सुरक्षित, असं दुकानात सांगतात, त्याला इथे आधार मिळत नाही. बहुधा मऊपणामुळे पाय जुन्याच पद्धतीने पडत राहतो आणि संरक्षण मात्र कमी झालेलं असतं.

वजनाचाही संबंध आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात 61 सरावलेले धावपटू 26 आठवडे पाहिले गेले. वजन 85 किलोच्या वर गेलं की पातळ बुटांत दुखापतीची शक्यता नेहमीच्या बुटांच्या तिपटीहून जास्त झाली.

‘निसर्गतः माणूस चवड्यावरच धावतो’ हे वाक्यही जपून वापरावं. उत्तर केनियातले दासानाच लोक आयुष्यभर अनवाणी वावरतात. 2013 च्या एका अभ्यासात, स्वतःच्या सोयीच्या वेगाने धावताना त्यांतले बहुतेक जण टाचेवर उतरताना दिसले. वेग, जमीन आणि सवय पाहून पाय स्वतःच ठरवतो.

वेगाचं काय? बुटाचं वजन प्रत्येक पायामागे 100 ग्रॅमनी वाढलं की धावायला सुमारे एक टक्का जास्त ऊर्जा लागते, म्हणून हलका बूट फायद्याचा. पण कोलोरॅडो विद्यापीठातल्या 2012 च्या अभ्यासात पूर्ण अनवाणी धावणं हे हलक्या कुशनच्या बुटांपेक्षा स्वस्त ठरलं नाही, कारण फोम जे काम करतो ते अनवाणी पायात स्नायूंना करावं लागतं. त्यानंतर तर वारं पूर्ण फिरलं. जाड फोम आणि कार्बनच्या पट्टीचे बूट आले, 2019 मध्ये व्हिएन्नात एलियुड किपचोगे अशाच बुटांत दोन तासांच्या आत मॅरेथॉनचं अंतर धावला, आणि 2020 मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी 40 मिलिमीटरवर बांधून द्यावी लागली. शर्यतीतली वेळ कमी करायची म्हणून पातळ बूट घेणाऱ्याने तो विचार सोडून दिलेला बरा.

जमेची बाजू

एवढं वाचून पातळ बूट वाईटच असं वाटेल, तर तेही खरं नाही. याच सारा रिज यांच्या 2019 च्या अभ्यासात पातळ बूट घालून नुसतं चालणाऱ्यांचे तळव्याचे स्नायू आठ आठवड्यांत बळकट झाले, आणि तेही पायाचे खास व्यायाम करणाऱ्यांच्या तोडीने. लिव्हरपूल विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वावरात असे बूट वापरणाऱ्यांची पायाची ताकद सरासरी 57 टक्क्यांनी वाढली. दोन्हीकडे लोक चालत होते, धावत नव्हते. फायदा जवळपास तोच आणि धोका फारच थोडा, तर सुरुवात चालण्यापासून करण्यात तोटा काय?

मुलांच्या बाबतीत तर आपल्याच देशातला पुरावा आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 मध्ये 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण 8.6 टक्के, न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के. पुढून बंद असलेल्या बुटांत ते सर्वाधिक होतं, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. घरात आणि अंगणात मूल अनवाणी खेळत असेल तर त्याला उगाच बूट चढवू नयेत, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

तळव्याला घट्टे पडले की पाय बधिर होतो, हीसुद्धा भीती अनाठायी आहे. 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात केनिया आणि अमेरिकेतल्या लोकांचे पाय तपासले, तेव्हा जाड घट्टे असूनही जमिनीची जाणीव कमी झालेली आढळली नाही.

शिवाय आपल्या लोकांना एक वरकड लाभ आहे. आपण चपला उंबऱ्याबाहेर काढतो आणि घरभर अनवाणी फिरतो. अजूनही बरेच जण उकिडवं बसू शकतात. टाचा जमिनीला टेकवून आरामात उकिडवं बसता येत असेल, तर घोटा पुरेसा वाकतो आणि पोटरीला लांबी आहे, असं समजायला हरकत नाही. टाचा उचलल्या जात असतील तर शून्य ड्रॉपचे बूट घेण्याआधी काही महिने घोट्यावर काम करावं.

आपले रस्ते, आपलं हवामान

परदेशी पुस्तकांत नसलेल्या काही गोष्टी इथे सांगायला हव्यात. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर डांबर तापतं. काही मिलिमीटरच्या सोलमधून ती धग थेट तळव्याला लागते. बाभळीचा काटा पातळ सोल आरपार करतो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून धावणं जाड बुटातही टाळावं, पण अनवाणी पायाने किंवा बोटांच्या उघड्या बुटाने ते करणं सरळ धोकादायक आहे. तळव्याला बारीकशी चीर असली तरी लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. मुंबईकरांनी 2005 च्या पुरानंतर हा आजार जवळून पाहिला आहे. अनवाणी किंवा पातळ बुटांत धावणाऱ्यांनी धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीखही तपासून घ्यावी.

किनाऱ्यावरच्या वाळूत धावणं नव्या माणसाला सोपं वाटतं. मऊ वाळूत टाच खोल जाते आणि अकिलीसवर जास्तच ताण येतो. पाण्याच्या कडेची वाळू घट्ट असते पण एका बाजूला उतरती. सुरुवातीला पुण्यातल्या बालेवाडीसारखा सिंथेटिक ट्रॅक, शाळेचं मुरमाचं मैदान किंवा गुळगुळीत फूटपाथ बरा. कडक, सपाट जमिनीवर पाऊल चुकीचं पडलं की लगेच कळतं.

घालायचेच असतील तर

आधी चाला. महिनाभर घरात, ऑफिसला, बाजारात पातळ बूट वापरा. याच काळात पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम सुरू करा, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येईपर्यंत धावण्याचा विचार करू नये. टॉवेल पायाच्या बोटांनी ओढणं आणि दोरीवरच्या हलक्या उड्या हेही उपयोगी.

मग थोडं धावा. पहिल्या आठवड्यात दिवसाआड चारशे मीटर ते फार तर दीड किलोमीटर. पुढे दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको. बाकीचं अंतर जुन्याच बुटांत. पातळ बुटातला भाग ताज्या पायांनी, सरावाच्या सुरुवातीला धावा. थकल्यावर पाऊल आदळायला लागतं. पुढच्या दिवशी पोटरी आखडली असेल तर तो दिवस सोडून द्या.

बोटांवर नाचू नका. चवडा आधी टेकला तरी टाच हलकेच जमिनीला लागली पाहिजे. ती हवेत ठेवून धावणाऱ्यांच्या पोटऱ्या पहिल्या आठवड्यातच हात टेकतात.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बोटं पसरता आली पाहिजेत. दुकानदार ‘नंतर सैल होतील’ म्हणाला तर तो जोड ठेवून द्या.

मुहूर्तही पाहावा. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, लाँग रन वाढत असताना, बूट बदलणं म्हणजे दोन नवे ताण एकाच वेळी अंगावर घेणं. शर्यत झाली, विश्रांती झाली, की फेब्रुवारीपासून सुरुवात करावी. मेपर्यंतचे चार महिने पायाला पुरेसे मिळतात.

आणि एक पर्याय तर फुकटचा आहे. चालू बुटांतच दर मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, म्हणजे पावलं किंचित आखूड केली, तर गुडघा आणि खुबा दोन्हींवरचा भार कमी होतो. हे अभ्यासांत दाखवलेलं आहे. गुडघ्यासाठी म्हणून पातळ बूट घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांचं काम एवढ्यावरच भागेल, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

कुणी घालू नयेत

मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी अजिबात नाही. पातळ बुटाचा सगळा फायदा तळव्याला जमीन जाणवते यावर उभा आहे. जाणीवच नसेल तर उरते ती फक्त जखम. मधुमेहींनी डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासणारी मोनोफिलामेंटची साधी चाचणी करून घ्यावी, ती दोन मिनिटांत होते. हाडं ठिसूळ झालेले, आधी स्ट्रेस फ्रॅक्चर झालेले, पाळी अनियमित असलेल्या आणि खाणं कमी पडणाऱ्या धावणाऱ्या स्त्रिया, अकिलीसचं जुनं दुखणं असलेले आणि पायाचा अंगठा वर वाकत नाही असे लोक, यांनीही दूर राहावं. वजन 85 किलोच्या पुढे असेल तर आधी चालण्यापुरतेच वापरावेत.

बाकीच्यांसाठी हिशेब सोपा आहे. दुखणं गुडघ्याचं असेल, हाताशी चार-सहा महिने असतील आणि शर्यत जवळ नसेल, तर पातळ बूट करून पाहण्यासारखे आहेत. दुखणं पोटरी, अकिलीस किंवा तळव्याच्या हाडांचं असेल, तर ते बूट दुखणं वाढवतील. आणि सध्याच्या बुटांत काहीच दुखत नसेल, तर बदलण्याचं कारण नाही. फार तर घरात अनवाणी फिरा, टाचा उचलण्याचा व्यायाम करा आणि बुटांचे पैसे वाचवा. पावलाच्या वरच्या बाजूला एका बिंदूवर दुखायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी धावणं थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांना पाय दाखवा.